कोपऱ्यात किती प्लास्टिक उरतं?

इंजेक्शन मोल्डिंगमध्ये, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक बंद मोल्डमध्ये (साच्यात) दाबून भरण्याच्या कामात, आठ वर्षं काढली की एक सवय लागते, भिंतीची जाडी आपण ठरवायची. ड्रॉइंगवर 2 मिमी लिहिलं की पार्टमध्ये 2 मिमी मिळते. मग मी थर्मोफॉर्मिंगमध्ये आले, म्हणजे प्लास्टिकची सपाट शीट गरम करून मोल्डवर ओढायची, भोसरीतल्या एका छोट्या युनिटमध्ये, आणि पहिलंच काम आलं ते रोपांच्या ट्रेचं, 98 होलचा, म्हणजे 98 कप्प्यांचा, काळा हिप्सचा (हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन, एक प्लास्टिक) ट्रे, नारायणगावकडच्या नर्सऱ्यांत टोमॅटो-मिरचीची रोपं वाढवतात ना, तोच.

ट्रे दिसायला एकदम मस्त झाले. तीन आठवड्यांनी नर्सरीवाल्यांचा फोन, "ताई, ट्रे उचलला की खालून फाटतोय."

दुसऱ्या दिवशी गेले बघायला. पाणी प्यायलेला भरला ट्रे दोन-अडीच किलोचा होतो, बायका तो दोन्ही टोकांना धरून उचलतात, मध्ये तो वाकतो, आणि कप्प्याच्या तळाच्या कोपऱ्यातून ओलं कोकोपीट गळत होतं, रोपाची पांढरी मुळं बाहेर लोंबत होती. एक कोपरा बोटाने दाबला तर वेफर्सच्या पाकिटासारखा चुरचुरला. फार वाईट वाटलं, कारण ती रोपं कुणाच्या तरी शेतात जायची होती.

परत आल्यावर सगळ्यांचं एकच, शीट 0.8 ऐवजी 1 मिमीची घ्या. पण आमच्या मशीनवरच्या मामांनी मला जे करून दाखवलं ते मी आजही प्रत्येक नव्या डिझाइनला करते. कोऱ्या पांढऱ्या शीटवर मार्करने 5 मिमीचे चौकोन आखले आणि म्हणाले, "आता बघा मॅडम, चौकोन कुठे जातात ते." शीट हीटरखाली गेली, आधी लाटा आल्या, मग ताणून सपाट झाली, मग मधोमध झोल पडला, तेवढ्यात मोल्ड वर आला आणि व्हॅक्यूम ओढला, म्हणजे मधली हवा काढून शीट मोल्डला चिकटवली. थंड झाल्यावर कप्पा ब्लेडने उभा कापला. वरच्या काठावर चौकोन जवळपास होता तसाच, भिंतीवर लांबट झालेला, आणि तळाच्या कोपऱ्यात तोच 5 मिमीचा चौकोन 14 मिमीचा! मायक्रोमीटर लावला, 0.1 मिमी.

हिशोब साधा आहे पण मी तो आधी केलाच नव्हता. कप्पे 38 मिमी अंतरावर, तोंड 34 मिमी, तळ 20 मिमी, खोली 40 मिमी. एका कप्प्याच्या वाट्याला सपाट शीट येते साधारण 1440 चौरस मिमी, आणि तिला झाकायचं असतं 5070 च्या आसपास, म्हणजे साडेतीन पट ताण. 0.8 ची सरासरी तिथेच 0.23 वर येते. आणि ताण काही सगळीकडे सारखा पडत नाही, शीट जिथे मोल्डला आधी टेकते तिथे गार होऊन थांबते आणि पुढचा सगळा भार उरलेल्या भागावर येतो. कोपरा सगळ्यात शेवटी टेकतो म्हणून सगळ्यात पातळ. शीट 1 मिमीची केली तर प्लास्टिक 25 टक्के वाढतं आणि कोपरा 0.1 चा 0.125 होतो, बस्स.

मग दोन गोष्टी बदलल्या. तळाच्या कोपऱ्याला मी 1 मिमीची रेडियस, म्हणजे गोलाई, दिली होती, ती 6 केली. आणि प्लग लावले, म्हणजे प्रत्येक कप्प्यासाठी एक ठोकळा, 98 च्या 98, जे व्हॅक्यूमच्या आधी गरम शीटला खाली ढकलतात, खोलीच्या साधारण 80 टक्क्यांपर्यंत, म्हणजे तळासाठी मटेरियल आधीच खाली पोचतं. प्लग गार असला तर जिथे टेकतो तिथे डाग पडतो आणि शीट तिथेच गोठते, त्यात आमचे चार दिवस गेले. कोपरा 0.2 च्या जवळ आला. शीट तीच, 0.8 ची.

टेपरची, म्हणजे भिंतीच्या उताराची, गंमत वेगळीच आहे आणि मला ती फार आवडते. कप्प्याची भिंत सुमारे 10 अंश कलती आहे, त्यामुळे रोप मुळांच्या गड्ड्यासकट अलगद निघतं, आणि मोल्डवरून ट्रेही तसाच निघतो. नुसत्या खोलगट कप्प्याला एवढा उतार लागत नाही, गार होताना प्लास्टिक भिंतीपासून सुटतं. पण दोन कप्प्यांच्या मधली पट्टी उलट वागते, प्लास्टिक तिला आवळून धरतं, आणि हिप्स 0.6 टक्के आकसलं तर 540 मिमीच्या ट्रेमध्ये तीन मिमीपेक्षा जास्त होतं, टोकाचे कप्पे मोल्डला घट्ट पकडतात. 98 कप्प्यांत उतार कंजूषपणे देऊ नका.

स्टॅकिंगचंही याच उतारावर अडतं. ट्रे एकात एक रचले की काठ काठावर टेकायच्या आधी भिंती एकमेकींत पाचरीसारख्या बसतात, मग ओल्या हातांनी ते सुटत नाहीत आणि जोर लावला की काठ तडकतो. आता कडेला छोटे लग, म्हणजे उंचवटे, दिलेत, वरचा ट्रे त्यांच्यावर बसतो आणि भिंती मोकळ्या राहतात. परवा त्याच नर्सरीत गेले होते, एक मावशी गठ्ठ्यातून एकेक ट्रे एका हाताने सोडवत होत्या, दुसऱ्या हातात कोकोपीटचं घमेलं.