बाबांची लाल वही

आज माळा आवरताना बाबांची लाल वही सापडली. दर महिन्याला "एसआयपी २०००", म्हणजे म्युच्युअल फंडात ठरलेले दोन हजार रुपये, आणि शेजारी सेन्सेक्सचा, म्हणजे मुंबई शेअर बाजाराच्या निर्देशांकाचा आकडा, निळ्या शाईत. जानेवारी २००८ ला २१,००० च्या आसपास, मार्च २००९ ला ८,००० च्या घरात. त्या पानावर आईचं अक्षर: "आता तरी थांबवा." खाली पुन्हा २०००!

२१,००० परत दिसायला २०१० ची दिवाळी उजाडली, आणि तिथे पाय रोवायला २०१३ संपत आलं. "बाजार वर येतोच" असं सगळे म्हणतात, ही मधली वर्षं कुणी सांगत नाही. फंडाची स्वस्तातली युनिट्स, म्हणजे त्यातले हिस्से, मात्र याच काळात जमली.

२३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० हून जास्त अंकांनी कोसळला, तेव्हा मी घाबरून सगळं विकलं. बाबा, ही वही तेव्हा हाताशी हवी होती.