पाट, पाऊस आणि क्लिअर कोट
आजीचा पाट जुलैत रंगवायला घेतला हीच पहिली चूक. निळा अ‍ॅक्रिलिक छान बसला, मग गिरगावातल्या आमच्या गॅलरीत, बाहेर धो धो पाऊस चालू असताना मी वरून लॅकरचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचा, स्प्रे मारला आणि दहा मिनिटांत निळ्यावर दुधाची साय धरल्यासारखा पांढरट थर! आई म्हणाली, "बुरशी आली का रे?" बुरशी कसली, लॅकर सुकताना गार पडतं आणि हवेतली ओल त्यात अडकते. उघडीप मिळाल्यावर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासलं, पुसलं, मग वॉटर बेस्ड क्लिअरचे दोन पातळ हात. ऑइलवालं पीयू (पॉलियुरेथेन, हाही एक क्लिअर कोटच) मुद्दाम टाळलं, ते पिवळं पडतं, कडेची पांढरी नक्षी चहासारखी झाली असती. एक कोपरा अजून पांढुरका आहे, तिथे आम्ही वाटी ठेवतो.