चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

परवा उरणजवळ करंजाला गेलेलो, काकांची मासेमारीची बोट पावसाळ्याच्या बंदीनंतर पहिल्यांदा निघायची होती म्हणून. बर्फ भरून झाला, राशन चढलं आणि डिझेल भरायचं चाललेलं ते काही संपेच ना. एका फेरीला दीड-दोन हजार लिटर लागतं म्हणे. मी म्हटलं काका एवढं? तर म्हणाले, "आम्ही समुद्रात म्हावरा पकडत नाय रे, डिझेल पेरून येतो."

हसलो, पण डोक्यातून जाईना.

कारण याच समुद्रात, मुंबईपासून साधारण 160 किलोमीटरवर, बॉम्बे हाय हे तेलाचं क्षेत्र आहे. 1974 च्या फेब्रुवारीत सागर सम्राट या समुद्रात विहीर खणणाऱ्या रिगने तिथे तेल शोधलं, 1976 ला उत्पादन चालू झालं, नंतर तर सागर सम्राट एक रुपयाच्या नोटेवर पण आला (जुन्या नोटा असतील तर मागची बाजू बघा). उरणमध्ये पाइपलाइन आली, प्लांट आला, लोकांना नोकऱ्या लागल्या, आमच्याकडे तेव्हा सगळ्यांना वाटायचं आता काय, तेलाची विहीरच दारात आहे.

1980 च्या दशकात तिथून दिवसाला साडेचार लाख बॅरलच्या वर तेल निघायचं. आता दीड लाखाच्याही खाली आलंय. आणि देशाला रोज लागतं 50 लाखांच्या वर. मी मोबाइलवर हिशोब केला, म्हणजे अख्ख्या बॉम्बे हायचं दिवसभराचं तेल आपण पाऊण तासाच्या आत संपवतो! बाकीचं बरंचसं बाहेरून.

आता लोकांना वाटतं तेल संपणं म्हणजे पिंपातलं रॉकेल संपल्यासारखं, एक दिवस खडखडाट. तसं नसतं. तेल असतं दगडाच्या बारीक बारीक छिद्रांमध्ये, बॉम्बे हायला तो चुनखडीचा दगड आहे. सुरुवातीला आतल्या दाबानेच वर येतं, मग दाब कमी झाला की समुद्राचं पाणी आत सोडून तेल ढकलावं लागतं, मग तेच पाणी तेलाबरोबर वर यायला लागतं, दरवर्षी जरा जास्त. तेल खाली राहतंच, फक्त ते काढायचा खर्च वाढत जातो.

अमेरिकेत हबर्ट नावाच्या भूवैज्ञानिकाने 1956 मध्येच सांगितलेलं की तिथलं उत्पादन 1970 च्या आसपास शिगेला पोचून उतरणार, आणि ते खरंच 1970 नंतर उतरायला लागलं. पुढे तिथल्या कंपन्यांनी शेल नावाचा दगड फोडून त्यातलं तेल काढलं आणि जुना विक्रम मोडला, त्यामुळे हबर्टला खोटं ठरवणारे पुष्कळ आहेत. पण शेलची विहीर पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच निम्म्याच्या खाली येते, मग नवीन खणा, परत नवीन खणा. धावत राहायचं नुसतं.

हे सगळं काकांना सांगितलं तर त्यांना अजिबात नवीन वाटलं नाही. आजोबांच्या वेळी शिडाची होडी होती, वारा फुकट, म्हावरा जवळच. मग इंजिन आलं, जवळचा म्हावरा संपला, म्हणून लांब जायचं, म्हणून मोठं इंजिन, म्हणून जास्त डिझेल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तेलवाल्यांचं पण डिट्टो हेच चाललंय की.

आणि नुसतं डिझेल असतं तर एक वेळ ठीक होतं. जाळं नायलॉनचं, तरंगणारे बोये प्लॅस्टिकचे, दोऱ्या प्लॅस्टिकच्या, नवीन होड्या फायबरच्या, म्हणजे त्यातलं रेझिन पण पेट्रोकेमिकलच. पूर्वी जाळी सुताची, सणाची असायची. डब्यातला भात पण बघा ना, शेतात घालायचा युरिया अलिबागजवळ थळला बनतो तो नैसर्गिक वायूपासून. गाडीला बॅटरी लावता येईल, स्कूटर तर चाललीच आहे, पण आठ-दहा दिवस समुद्रात राहणारी बोट? आणि युरियाला बॅटरी कुठून जोडायची? पर्याय निघतीलही, स्वस्तात निघतील असं मला तरी वाटत नाही.

काकांना विचारलं, परत शीड लावायची वेळ आली तर? म्हणाले मला येत नाय, बा ला यायचं. माळ्यावर जुनी डोलकाठी आहे अजून, तिच्यावर आता लग्नातली भांडी ठेवतात.

बोट गेली रात्री. मला मागे डिझेलच्या पावत्यांची पिशवी दिलीये, परताव्यासाठी तारखेप्रमाणे लावायच्यात, त्यातल्या अर्ध्या ओल्या आहेत.