मिनिकॉयचा मास

नाशिकहून निघताना आमच्या गटातल्या बहुतेकांच्या मनात लक्षद्वीप म्हणजे निळे पाणी आणि पांढरी वाळू एवढेच होते. निफाडच्या एका द्राक्ष बागायतदार काकांना मात्र पहिल्यापासून एकच प्रश्न पडला होता, की जिथून माल बाहेर काढायला जहाजाची वाट पाहावी लागते तिथे लोक विकतात तरी काय. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर उतरल्यावर त्याचे उत्तर डोळ्यांआधी नाकाला मिळाले.

एका शेडमध्ये ट्यूना माशाचे लांबट तुकडे खाऱ्या पाण्यात उकळत होते आणि शेजारी आधीचे तुकडे नारळाच्या सोडणांच्या धुरावर मांडले होते. धुरी झाल्यावर ते उन्हात वाळवतात आणि शेवटी जो काळपट तुकडा उरतो, त्याला मास म्हणतात. तो इतका कठीण असतो की वापरताना कुटावा किंवा किसावाच लागतो. काकांनी तुकडा हातात घेऊन जोखला आणि म्हणाले, "हा तर यांचा बेदाणा!" ताजा माल टिकत नाही आणि बाजार लांब, म्हणून त्यातले पाणी काढून टाकायचे, हा हिशेब त्यांना कोणी समजावून सांगावा लागला नाही.

मासेमारीची रीत मला अधिक विलक्षण वाटली. पहाटे बोटवाले आधी खाजणात, म्हणजे बेटालगतच्या प्रवाळाच्या आतल्या उथळ पाण्यात, जाळे टाकून बारीक मासळी पकडतात आणि बोटीतच समुद्राचे पाणी खेळत राहणाऱ्या टाकीत ती जिवंत ठेवतात. खोल समुद्रात ट्यूनाचा थवा दिसला की ही मासळी पाण्यात फेकायची आणि वरून पाण्याचे फवारे उडवायचे, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर भक्ष्याची झुंबड असल्याचा भास होऊन ट्यूना वर येतो. किनाऱ्यावर एका खलाशाने आम्हाला गळ दाखवला. त्याला उलटा काटा नव्हता, कारण काठीचा झटका बसताच मासा बोटीवर पडून आपोआप सुटायला हवा. माणूस तो सोडवत बसला तर थवा निघून जातो. एका गळाला एकच मासा लागत असल्याने नको ते जीवही फारसे मरत नाहीत. पावसाळ्यात समुद्र खवळला की ही मासेमारी जवळजवळ थांबते.

बेटावर ट्यूना डबाबंद करण्याचा कारखानाही आहे. तिथे आम्ही फार रेंगाळलो नाही.

उरलेली मदार नारळावर आहे. खोबरे वाळवतात, नीरा आटवून गूळ करतात आणि सोडणे खाजणाच्या वाळूत काही महिने पुरून, कुजल्यावर कुटून त्यांचा काथ्या काढतात. हे काम पूर्वापार बायकांचे. जुन्या काळी केरळातल्या कण्णूरच्या अरक्कल राजघराण्याने लक्षद्वीपच्या काथ्यावर मक्तेदारी लादली होती आणि बेटकऱ्यांना काथ्याच्या बदल्यात ठरलेल्या दराने तांदूळ घ्यावा लागे. भाव दुसऱ्याने ठरवण्याची ही गोष्ट ऐकताना काकांनी लासलगावच्या कांद्याचा विषय काढला आणि जेवणाची वेळ टळेपर्यंत तो काही संपला नाही.