पॅरिसचं हॉटेल: तुम्ही विचारलंत म्हणून

"पॅरिसला पाच रात्री जातोय, आयुष्यात एकदाच, पैशाचं बघू नकोस, चांगल्यातल्या चांगल्या हॉटेलचं फक्त नाव सांग." सुट्ट्या जवळ आल्या की हा निरोप येतो आणि मी नाव सांगत नाही. त्यावरून "हिला भाव चढलाय" इथपर्यंत ऐकून झालंय.

नाव कशाला सांगू? त्याच नावाखाली स्वर्गही मिळतो आणि कोंदट खोलीही. फ्रान्समध्ये तारे मिळतात ते सोयींच्या गुणांवर, पाच वर्षांसाठी. पंचतारांकित हॉटेलात दोघांच्या खोलीला किमान 24 चौरस मीटर लागतात, तेही न्हाणीघर धरून. म्हणजे जेमतेम 258 चौरस फूट. दोन मोठ्या बॅगा उघडल्या की चालायला वाट उरत नाही. पाच ताऱ्यांच्याही वर 'पॅलेस' हा किताब आहे, 2010 पासूनचा. ल ब्रिस्टल, ल मरीस, प्लाझा आतेने ही त्यातली. तिथला एका रात्रीचा दर हजार युरोच्या बराच वर जातो, तेव्हा "पैशाचं बघू नकोस" हे वाक्य घरी एकदा पुन्हा म्हणून बघा.

सुपीरियर, डीलक्स, प्रेस्टीज हे शब्द ज्याचे त्याने ठरवलेले असतात. चौरस मीटर वाचा. आणि "सगळ्यात वरचा मजला द्या" हा हट्ट सोडा. तिथल्या एकोणिसाव्या शतकातल्या इमारतींमध्ये उंच छताचे खालचे मजले श्रीमंत कुटुंबांचे असायचे, आणि जस्ताच्या छपराखालचा शेवटचा मजला नोकरांचा. आज तिथे हॉटेल असलं तरी छप्पर तिरकंच आहे. पलंगावरून उठताना डोकं आपटतं आणि जुलैत वरून तापतं. अंगणाकडची खोली शांत असते, पण बऱ्याचदा अंधारी. यातलं तुम्हाला काय चालतं ते मला कसं कळणार?

आता ते प्रकरण, ज्यामुळे मी तोंडी सल्ला देणं बंद केलं.

मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटलेलं विमान सकाळी पॅरिसला उतरतं. खोली मिळते दुपारी तीनला. म्हणून मी सगळ्यांना सांगायचे, आधीची रात्रही घेऊन टाका, म्हणजे खोली तयार असेल. एका निवृत्त जोडप्याने ऐकलं. पोचायचं 11 तारखेला सकाळी, बुकिंग 10 पासून, पैसे आगाऊ. 10 च्या रात्री अर्थातच कुणी गेलं नाही. हॉटेलात रात्रपाळीचा माणूस पहाटे दोन-तीनच्या सुमारास दिवसाचा हिशेब बंद करतो. जो आला नाही त्याच्या नावापुढे 'नो-शो' लागतं. नो-शो लागलं की बहुतेक ठिकाणी ती एकच रात्र बुडत नाही, पुढच्या सगळ्या रात्री रद्द होतात आणि खोली पुन्हा विक्रीला जाते. सकाळी पावणेनऊला दोघं काउंटरसमोर उभे, दोन बॅगा, गुडघ्याला पट्टा, आणि त्यांचं नाव यादीत नाही. फॅशन वीक चालू होता, हॉटेल भरलेलं. "पैसे भरलेत ना आम्ही?" हे काका तीनदा म्हणाले. भरले होतेच. ज्या तासांचे भरले त्या तासांत खोली रिकामी होती, एवढाच त्यांचा गुन्हा. शेवटी शेजारच्या हॉटेलात जवळपास दुप्पट दराने सोय झाली.

बुकिंग करताना 'पोचण्याची वेळ' असा रकाना होता, तो त्यांनी कोरा सोडला, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. तो भरा असं मी तरी कुठे सांगितलं होतं? "एवढं कुणालाही कळतं" असं तेव्हा वाटायचं. नाही कळत. पैसे भरले की खोली आपली, कधीही जाऊ, असंच आपण धरून चालतो.

आधीची रात्र घेणार असाल तर हे करा. बुकिंग कुठूनही केलेलं असो, तीन-चार दिवस आधी थेट हॉटेलला ईमेल पाठवा. त्यात बुकिंग क्रमांक, पासपोर्टवरचं नाव, विमानाचा क्रमांक आणि एक सरळ वाक्य: 10 तारखेच्या रात्रीचे पैसे भरले आहेत, आम्ही 11 ला सकाळी नऊच्या सुमारास येऊ, नो-शो लावू नये. लेखी उत्तर येईपर्यंत सोडू नका. त्याच ईमेलमध्ये किटली मागून घ्या, कारण पुष्कळ खोल्यांत कॉफीचं कॅप्सूल यंत्रच असतं आणि गरम पाण्यासाठी दर वेळी फोन करायचा कंटाळा येतो. व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारा स्वस्त दर घेऊ नका. अनामतीसाठी क्रेडिट कार्ड द्या. आधीच परकीय चलन भरून ठेवलेलं फॉरेक्स कार्ड काही ठिकाणी घेत नाहीत, आणि घेतलंच तर अडकलेली रक्कम सुटायला कधीकधी आठवडे लागतात. कार्डाचा परदेशातला वापर निघण्याआधी बँकेच्या अॅपमधून सुरू करा. पैसे देताना कार्डाच्या मशीनने रुपये की युरो विचारलं तर युरो.

राहिला प्रश्न, आधीची रात्र घ्यावी का? सहा तासांच्या झोपेसाठी अख्ख्या रात्रीचे पैसे. नाहीतर बॅगा हॉटेलात ठेवून त्विलरी बागेतल्या हिरव्या लोखंडी खुर्च्यांवर फुकट पेंगता येतं. सत्तरीच्या माणसांना मी "घ्या" म्हणते, तिशीतल्यांना "काही गरज नाही" म्हणते. मग कळतं, त्यांच्या कडेवर दीड वर्षाचं मूल आहे.