अंधारात चमकणारा स्लाइम घरी करताना: माझा अनुभव

स्लाइम, म्हणजे ताणला की लोंबणारा लिबलिबीत गोळा, जमवणं अवघड नाही. योग्य गोंद आणि टाकणखार (बोरॅक्स) एकत्र आले की तो जमतोच. खरं काम आहे तो अंधारात चमकवण्याचं, आणि बहुतेकांचं तिथेच बिनसतं. दिवे मालवल्यावर हातात नुसता फिकट गोळा उरतो आणि मुलं हिरमुसतात. मुलांच्या हस्तकलेसाठी मी हा प्रकार नेहमी करते. चमक बिघडते ती चुकीच्या पावडरीने, दुधी गोंदाने, वरून घातलेल्या रंगाने नाहीतर अपुऱ्या उजेडाने. म्हणून कृतीआधी सामानाबद्दल जरा सविस्तर सांगते.

पावडरीपासून सुरुवात करू. बाजारात दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाखाली विकल्या जातात. पहिली निऑन रंगांची फ्लुरोसंट पावडर. ती दिवसा भडक पोपटी, गुलाबी, नारिंगी दिसते, पण अंधारात फक्त अतिनील दिव्याखाली उजळते आणि दिवा बंद होताच विझते. दुसरी फॉस्फरसंट. ती दिवसा पांढरट-पिवळसर, दिसायला अगदी साधी. पण उजेड शोषून घेते आणि अंधारात सावकाश सोडते. आपल्याला ही दुसरी हवी. ‘अंधारात चमकणारी पावडर द्या’ म्हटलं तर दोन्हींपैकी कुठलीही हातात पडू शकते, म्हणून मी पुडी दुकानातच तपासते. मोबाइलचा टॉर्च पुडीला टेकवून दहा सेकंद धरायचा, लगेच दोन्ही तळव्यांत पुडी झाकून घ्यायची आणि अंगठ्यांमधल्या फटीला डोळा लावायचा. चांगली पावडर भरदुपारीही ओंजळीत हिरवीगार दिसते. ओंजळीत काहीच दिसलं नाही तर ती पुडी परत करावी. आणि पालक हमखास विचारतात म्हणून सांगते: या पावडरीत रेडियम नसतं, ती किरणोत्सारी नसते.

फॉस्फरसंटमध्येही जुनी आणि नवी असा फरक आहे. जुनी झिंक सल्फाइडची. स्वस्त, पण लवकर मंदावते. नवी स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटची, त्यात युरोपियम आणि डिस्प्रोशियम या मूलद्रव्यांचा अगदी थोडा अंश असतो. ही १९९०च्या दशकात जपानमध्ये विकसित झाली आणि ती कित्येक तास मंद का होईना, उजळत राहते. जास्तीचे पैसे इथे खर्च करावेत. रंग हिरवा घ्यावा, नाहीतर निळसर हिरवा. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना याच पट्ट्यातला प्रकाश सगळ्यात ठळक दिसतो. लाल आणि नारिंगी चमक फार लवकर दिसेनाशी होते.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, जो पुडीवर बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट पाण्यात टिकत नाही. ओलाव्याने त्याचे कण हळूहळू विघटित होतात आणि चमक जाते. स्लाइममध्ये तर निम्म्याहून जास्त पाणीच असतं. म्हणून कणांवर संरक्षक थर दिलेली, ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकली जाणारी पावडरच घ्यावी. खात्री करायची तर चिमूटभर पावडर दोन चमचे पाण्यात काचेच्या पेल्यात टाकून दोन दिवस ठेवा. थर असलेली तळाशी सुटी राहते आणि टॉर्च दाखवला की चमकते. थर नसलेली पांढुरकी होऊन बसते. ‘पहिल्या रात्री मस्त चमकला, नंतर काहीच नाही’ ही तक्रार ऐकली की मी सगळ्यात आधी याच पावडरीवर संशय घेते.

कण किती मोठे, हेही पाहावं. मोठे कण जास्त चमकतात पण बोटांना रेतीसारखे लागतात आणि तळाशी बसतात. ३० ते ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासची पावडर स्लाइमसाठी बरी. पुडी उघडताना पंखा बंद ठेवावा, मास्क लावावा. ही धूळ नाकातोंडात जाऊ नये. हे काम मोठ्यांनीच करायचं. ढवळायला चमचा स्टीलचा नको. हे कण इतके कठीण असतात की धातू खरवडला जातो आणि स्लाइममध्ये राखाडी रेघा उमटतात. आइस्क्रीमची लाकडी काडी किंवा प्लास्टिकचा चमचा घ्या.

गोंद पारदर्शक हवा, पीव्हीए, म्हणजे पॉलिव्हिनिल जातीचा. पांढऱ्या फेव्हिकॉलचाही स्लाइम उत्तम जमतो, ताणही सुरेख येतो; पण त्याचा दुधी रंग उजेड आत जाऊ देत नाही आणि आतली चमक बाहेर येऊ देत नाही. मग वरच्या थरातले कण तेवढे दिसतात. पांढराच गोंद हाताशी असेल तर पावडर दीडपट घ्या. पाकिटं चिकटवायचा पिवळसर डिंक किंवा खळ मात्र चालत नाही. त्यात पीव्हीए नसेल तर नुसतं चिकट पाणी होतं, कितीही ढवळा. रंग, चमकी, टिकल्या हे सगळं टाळा. पोस्टर कलरचा एक थेंबसुद्धा चमक निम्मी करतो. रंगीत हवाच असेल तर एक रंगीत आणि एक चमकणारा असे दोन स्लाइम करून खेळताना पीळ घालावा.

टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो; काही जण त्याला सवागी म्हणतात. कच्चा घ्यावा, भाजून फुलवलेली लाही नको. लाहीतलं पाणी उडालेलं असतं, त्यामुळे ती फुगलेली आणि हलकी असते आणि चमच्याचं माप चुकतं. खडे असतील तर कागदात गुंडाळून लाटण्याने ठेचा. स्वयंपाकाचा खलबत्ता वापरू नका. डब्यावर चिठ्ठी लावा, कारण तुरटीची पूड, खायचा सोडा आणि टाकणखार तिन्ही सारखेच दिसतात. तुरटीने स्लाइम जमत नाही. कॅरमची पावडर बऱ्याचदा बोरिक अ‍ॅसिडची असते. तिच्यासोबत खायचा सोडा घातला तर थोडंफार जमतं, पण भरवसा नाही. कपड्यांच्या द्रवरूप साबणाने स्लाइम करून दाखवणारे व्हिडिओ खूप आहेत. त्या साबणाच्या घटकांत बोरेट (टाकणखाराच्या जातीचा बोरॉनचा क्षार) असेल तरच तो उपाय चालतो.

टाकणखार पोटात जाता कामा नये, आणि हात कापलेला किंवा खरचटलेला असेल तर त्या दिवशी स्लाइम नको. कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०१६ मध्ये घरगुती स्लाइममध्ये बोरॅक्स वापरूच नये असा सल्ला दिला. युरोपात खेळण्यातल्या स्लाइममधून सुटणाऱ्या बोरॉनवर किलोमागे ३०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. म्हणून मी द्रावण मुद्दाम पातळ ठेवते, ते मोठ्यांनीच करावं असा नियम पाळते आणि सहा वर्षांखालच्या मुलांना हा प्रकार देत नाही. त्यांच्यासाठी पुढे वेगळा सांगितला आहे.

आता कृती. २५० मिली कोमट पाण्यात एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे सुमारे ४ ग्रॅम, टाकणखार विरघळवा. पाच मिनिटं ठेवा आणि वरचं निवळ पाणीच घ्या. न विरघळलेला खडा स्लाइममध्ये गेला तर तिथे घट्ट गाठ होते. दुसरीकडे प्लास्टिकच्या वाडग्यात १०० मिली गोंद घ्या. त्यातला दोन चमचे गोंद वेगळा काढून त्यात २० ग्रॅम पावडर कालवा. ती आधी अशी भिजवली की गुठळ्या होत नाहीत. उरलेल्या गोंदात ५० मिली कोमट पाणी घालून सावकाश ढवळा. जोरात फेटलं तर बुडबुडे अडकून पारदर्शकपणा जातो. मग पावडरीचा लगदा त्यात मिसळा आणि इथून पुढे थांबू नका. पावडर जड असते, मिश्रण पातळ असेपर्यंत ती तळ गाठत राहते. फोन घ्यायला गेलात तर अर्धी पावडर वाडग्याच्या बुडाशी चिकटलेली सापडेल.

टाकणखाराचं पाणी एकेक चहाचा चमचा घाला आणि दर चमच्यानंतर निदान अर्धा मिनिट ढवळा. तिसऱ्या-चौथ्या चमच्याला तारा दिसू लागतात, पाचव्या-सहाव्याला मिश्रण वाडग्याची कड सोडतं. इथे हात आखडता घ्या. गोळा अजून बोटांना चिकटत असतो आणि आणखी एक चमचा घालावासा वाटतो. त्याऐवजी गोळा हातात घेऊन तीन ते पाच मिनिटं मळा. चिकटपणा बराचसा मळण्यानेच जातो, कारण टाकणखार सगळीकडे पोचायला वेळ लागतो. एकूण २५ ते ३५ मिली द्रावण पुरतं. गोंदागणिक हे माप बदलतं, म्हणून सगळं एकदम ओतायचं नाही. मुलांना मळायला फार आवडतं. हे काम त्यांच्याकडे द्यावं आणि नंतर सगळ्यांनी साबणाने हात धुवावेत.

हे होतं कसं, तेही मुलांना सांगावं. गोंदात लांबच लांब रेणूंच्या साखळ्या असतात. टाकणखारातलं बोरेट दोन साखळ्यांना जागोजागी जोडतं, पण हे जोड पक्के नसतात; सुटतात आणि पुन्हा जुळतात. म्हणून स्लाइम हळू ताणला तर लोंबतो आणि झटक्यात ओढला तर तुटतो. दोन्ही करून पाहायला सांगा, मोठी मुलं यात रमतात.

बिघडलं तर बहुतेक वेळा दुरुस्त होतं. रबरासारखा होऊन तुकडे पडत असतील तर टाकणखार जास्त झालाय. एक चमचा कोमट पाणी आणि चार-पाच थेंब ग्लिसरीन घालून मळत राहा. सुरुवातीला निसरडं होतं, मग पाणी आत जिरतं. फारच कडक असेल तर लिंबाच्या रसाचे दोन-तीन थेंब घाला. आंबटाने बोरेटचे जोड सुटतात. मात्र जास्त रस पडला तर सगळा स्लाइम पुन्हा पातळ होईल. मळूनही चिकट राहिला तर द्रावणात बोटं बुडवून मळा, ओतू नका. गोळ्याभोवती पाणी सुटलं असेल तर ते फेकून गोळा मळून घ्या.

चमक बघण्याआधी स्लाइमला उजेड द्यायचा. बाहेरच्या उन्हात पाच मिनिटं पुरतात. रात्री अतिनील टॉर्च, तोही जांभळट प्रकाशाचा, अर्धा मिनिट. तो कुणाच्या डोळ्यांवर मारायचा नाही. पांढरा एलईडी चालतो, पिवळा बल्ब जवळपास निरुपयोगी. उजेड फक्त पृष्ठभागाला मिळतो, म्हणून स्लाइम पोळीसारखा पातळ पसरून ठेवा. आणि खोली खरोखर काळोखी करा. खिडकीतून रस्त्याचा दिवा येत असेल तर निम्मी मजा जाते. डोळे अंधाराला सरावेपर्यंत पाच-दहा मिनिटं थांबायला लावा, मग मंद झालेली चमकही दिसते.

लहानग्यांसाठी टाकणखाराशिवाय. दोन चहाचे चमचे ईसबगोल २०० मिली टॉनिक वॉटरमध्ये (कडसर चवीच्या सोड्यात) घालून मंद आचेवर सतत ढवळत उकळा. घट्ट होऊन भांडं सोडू लागलं की ताटलीत काढून पूर्ण गार करा. आतून बराच वेळ चटका देणारं राहतं. टॉनिक वॉटरमध्ये क्विनीन हा कडू पदार्थ असतो आणि तो अतिनील टॉर्चखाली निळा उजळतो. दिवा बंद की निळाई बंद, हे आधीच सांगून ठेवा. यात मीठ घालू नका, मिठातल्या क्लोराइडने क्विनीनची चमक मावळते. हेच टॉनिक वॉटर टाकणखाराच्या स्लाइममध्ये पाण्याऐवजी वापरलं तर फिकं दिसतं, कारण क्विनीनला आंबट माध्यम मानवतं आणि टाकणखार त्याच्या उलट. हळदीचंही तसंच. ती अतिनील उजेडात पिवळसर हिरवी दिसते, पण टाकणखाराच्या स्लाइममध्ये घातली की लालसर होते आणि चमक जाते. हळकुंडांपासून कुंकू करताना टाकणखार घालतात तो याच गुणामुळे. चमकेसाठी हळद नको, पण रंग बदलताना बघायला मुलांना एका छोट्या गोळ्यावर जरूर करू द्या. ईसबगोलाचा स्लाइम फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो.

चमकणाऱ्या कांड्या फोडून त्यातलं द्रव स्लाइममध्ये घालायचा प्रकार अजिबात करू नका. आत काचेची नळी असते, द्रव डोळ्यांना आणि कातडीला झोंबतं आणि तेलकट असल्यामुळे पाण्यातल्या स्लाइममध्ये ते मिसळतही नाही.

टाकणखाराचा स्लाइम घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे चांगला राहतो. उन्हाळ्यात डबा फ्रिजमध्ये, खाण्याच्या वस्तूंपासून दूर आणि नाव लिहून. कोरडा पडला तर थोडं कोमट पाणी घालून मळा. वास आला किंवा काळे ठिपके दिसले तर टाकून द्या. कपड्यावर किंवा सतरंजीवर चिकटलेला स्लाइम ओढू नका. त्यावर पांढरं व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवा, सुटा होतो. मग साबणाने धुवा. केसांत अडकला तर लिंबाचा रस चोळून कोमट पाण्याने सोडवा. बेसिनमध्ये मात्र कधीही टाकू नका, पाइप तुंबतो. जुन्या वर्तमानपत्रावर पसरून दोन दिवस वाळू द्या आणि सुकलेला पापुद्रा कागदासकट कोरड्या कचऱ्यात टाका.