तुम्ही विचारलंत म्हणून: ‘काळ्यांचं वेगळं फुटबॉल अजून कशाला?’

डॅलसला राहून मी इथल्या काउबॉइज या नामांकित व्यावसायिक फुटबॉल संघाच्या नादाला न लागता ग्रॅम्बलिंगची मॅच कधी आहे ते बघत असते, हे कळलं की मराठी माणसं आधी विचारतात, “हे कोण?” लुईझियानातलं कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. मंडळाच्या दिवाळीत तो येतो, भारतातून आलेला भाचाही तोच विचारतो, “मावशी, भेदभावाचे कायदे जाऊन साठ वर्षं झाली. ओबामा राष्ट्राध्यक्ष होऊन गेले. मग काळ्यांची वेगळी विद्यापीठं, त्यांचं वेगळं फुटबॉल हे सगळं अजून कशाला?”

विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण त्या ‘अजून’मध्ये असं गृहीत धरलेलं असतं की ही मंडळी हौसेने वेगळी बसली आणि आता उठायला तयार नाहीत. म्हणून मी उत्तर नेहमी १९४१ पासून सुरू करते.

त्याआधी थोडं. (फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून लंबगोल चेंडूने खेळतात ते.) महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामी मोडल्याबद्दल अमेरिकेतल्या सज्जनांना. त्याच अमेरिकेच्या दक्षिण भागात पुढे काय झालं? १९०१ साली उत्तर लुईझियानातल्या काळ्या शेतकऱ्यांना आपल्या पोरांसाठी शाळा हवी होती. त्यांनी अलाबामातल्या टस्कीगीला, कृष्णवर्णीयांसाठी संस्था चालवणाऱ्या बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याकडे माणूस मागितला. त्यांनी चार्ल्स ॲडम्स यांना पाठवलं आणि शाळा उभी राहिली. दुसरा पर्यायच नव्हता, कारण गोऱ्यांच्या कॉलेजात यांना पाऊल ठेवायची सोय नव्हती. १९६५ च्या कायद्याने व्याख्या केली ती अशाच संस्थांची: १९६४ पूर्वी मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी निघालेल्या. आज अशा शंभरेक आहेत. ग्रॅम्बलिंग त्यातलीच एक.

१९४१ साली या कॉलेजात एडी रॉबिन्सन नावाचा बावीस वर्षांचा तरुण फुटबॉलचा कोच म्हणून आला. वडील दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे, आई लोकांकडे घरकाम करणारी. तो लुईझियानाच्या राजधानीत, बॅटन रूजमध्ये वाढला. लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे एलएसयू, त्याच गावात; पण त्याला शिकायला जावं लागलं लेलँड नावाच्या छोट्या काळ्या कॉलेजात. पदवी हातात असून तो जनावरांच्या खाद्याच्या गिरणीत तासाला २५ सेंटवर राबत होता. ग्रॅम्बलिंगने पगार देऊ केला महिना ६३ डॉलर ७५ सेंट. नेमणूक केली राल्फ वाल्डो इमर्सन जोन्स यांनी. ते कॉलेजचे अध्यक्ष, शिवाय बेसबॉलचे कोच, आणि कॉलेजचा बँड उभा केला तोही त्यांनीच. अशा संस्थांत एका माणसाने एकच काम करायची चैन परवडतच नसे.

रॉबिन्सनचंही तेच. सहायक कोण, तर कॉलेजचा रात्रीचा पहारेकरी. मैदानावरचं गवत स्वतः कापायचं, चुन्याच्या रेघा स्वतः मारायच्या, पोरांच्या घोट्यांना पट्ट्या बांधायच्या, आणि मॅच संपली की तिची बातमी स्वतः लिहून वर्तमानपत्राला पाठवायची. बाहेरगावी जाताना सँडविचेस करून बरोबर घ्यायची, कारण वाटेतल्या हॉटेलांत या पोरांना कुणी बसू देत नसे. हंगाम ऐन भरात असताना दोन भावांना वडिलांनी कापूस वेचायला घरी नेलं, तेव्हा रॉबिन्सन उरलेली टीम घेऊन त्यांच्या शेतावर गेला. सगळ्यांनी मिळून कापूस वेचला आणि त्या दोघांना घेऊन परत आले. सकाळी गाईच्या गळ्यातली घंटा वाजवत तो हॉस्टेलच्या खोल्यांवरून फिरायचा, पोरं उठून वर्गात जावीत म्हणून. खेळला नाहीस तरी चालेल, वर्ग बुडवायचा नाही.

पहिल्या वर्षी ३ जिंकल्या, ५ हरल्या. दुसऱ्या वर्षी, १९४२ ला, नऊच्या नऊ जिंकल्या आणि समोरच्यांना अख्ख्या हंगामात एक गुण करू दिला नाही. मग युद्धामुळे दोन वर्षं टीमच नव्हती. हा माणूस त्या काळात गावातल्या हायस्कूलच्या पोरांना शिकवत बसला. एकच नोकरी, एकच बायको, असं तो अभिमानाने सांगायचा. १९९७ मध्ये निवृत्त होईपर्यंत ४०८ विजय झाले होते. त्यातला ३२४ वा, ज्याने अलाबामा विद्यापीठाचा कोच बेअर ब्रायंटचा विक्रम मोडला, तो ५ ऑक्टोबर १९८५ ला इथे डॅलसमध्ये, कॉटन बोल स्टेडियमवर, प्रेअरी व्ह्यू विद्यापीठाविरुद्ध २७-७ असा. ग्रॅम्बलिंग आणि प्रेअरी व्ह्यूची लढत अजून दरवर्षी टेक्सासच्या जत्रेत त्याच मैदानावर होते. माझी ग्रॅम्बलिंगशी ओळख तिथलीच.

आकडे मी पटकन सांगून टाकते, कारण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. १९४९ साली रॉबिन्सनचा पॉल ‘टँक’ यंगर लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला. कृष्णवर्णीय कॉलेजातून एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या मुख्य लीगमध्ये, खेळलेला तो पहिला. जाताना रॉबिन्सनने त्याला बजावलं ते साधारण असं: तू आमच्यातला सर्वोत्तम. तू नापास झालास तर ते म्हणतील, बघा, यांचा सर्वोत्तम तो हा, आणि मग दार किती वर्षं बंद राहील सांगता येत नाही. विशी-पंचविशीतल्या पोराच्या खांद्यावर हे ओझं! यंगरने ते पेललं. पुढे विली डेव्हिस, विली ब्राउन, चार्ली जॉइनर असे एकाहून एक निघाले. १९६३ मध्ये बक ब्युकॅनन एएफएल या तेव्हाच्या दुसऱ्या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत अख्ख्या देशातून पहिल्या क्रमांकावर उचलला गेला. दोनशेहून जास्त खेळाडू या एका कोचच्या हाताखालून व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले.

एक जागा मात्र राखीव होती: क्वार्टरबॅकची. मैदानावर चाल ठरवणारा, सगळ्यांना हुकूम सोडणारा तो. काळी पोरं पळतील, धडका देतील, पण डोकं चालवायचं काम त्यांना जमायचं नाही, ही समजूत इतकी घट्ट की कॉलेजात क्वार्टरबॅक असलेल्या मुलाला व्यावसायिक संघ सरळ दुसऱ्या जागी हलवायचे. रॉबिन्सनने हे हट्टाला पेटून मोडायचं ठरवलं. मनरो गावच्या जेम्स हॅरिसला त्याने चार वर्षं त्याच हिशेबाने घडवलं आणि निक्षून सांगितलं: जागा बदलायला हो म्हणायचं नाही, आणि जमलं नाही तर रंगाचं कारण घेऊन माझ्याकडे यायचं नाही. १९६९ मध्ये बफेलो बिल्स या व्यावसायिक संघासाठी हॅरिस हंगामाच्या पहिल्याच सामन्यात सुरुवातीपासून क्वार्टरबॅक म्हणून उतरला. त्याआधी हा मान कुठल्या काळ्या खेळाडूला मिळाला नव्हता.

त्याच्या मागून रॉबिन्सनचाच डग विल्यम्स. ३१ जानेवारी १९८८, सान दिएगो, सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना. वॉशिंग्टन विरुद्ध डेन्व्हर. सामन्याच्या पहिल्या पाव भागात वॉशिंग्टन ०-१० ने मागे, त्यात विल्यम्सचा गुडघा मुरगळला, लंगडत बाहेर गेला. परत आला, आणि दुसऱ्या एकाच पाव भागात त्याने चार टचडाउन (म्हणजे गुण मिळवून देणारे) पास फेकले, टीमने ३५ गुण कुटले. शेवट ४२-१०. सुपर बोल खेळलेला आणि जिंकलेला पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. ‘डोकं’वाल्यांची तोंडं बंद झाली असतील असं समजू नका, फक्त आवाज खाली आला.

आता तुमच्या प्रश्नाचा अवघड भाग. दारं उघडली, तेव्हा ग्रॅम्बलिंगचं काय झालं?

अमेरिकेत एक लाडकी गोष्ट सांगतात: सप्टेंबर १९७० मध्ये कॅलिफोर्नियातल्या यूएससी विद्यापीठाचा काळा खेळाडू सॅम कनिंगहॅम बर्मिंगहॅमला येऊन अलाबामाच्या गोऱ्या संघाला ४२-२१ ने धूळ चारून गेला, आणि एका रात्रीत दक्षिणेचे डोळे उघडले. मला ही गोष्ट जरा जास्तच गोड वाटते. अलाबामाने विल्बर जॅक्सनला आधीच घेतलं होतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा मुख्य संघात खेळता येत नसे, एवढंच. एलएसयूच्या मुख्य संघात काळे खेळाडू दिसले १९७२ ला. डोळे उघडले म्हणा किंवा हरायचा कंटाळा आला म्हणा, त्या दशकात दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांनी काळ्या मुलांच्या घरांच्या पायऱ्या झिजवायला सुरुवात केली. त्यांच्याकडे लाखभर माणसं बसतील अशी स्टेडियम्स होती, टीव्ही होता, पैसा होता. तोवर जो मुलगा नाइलाजाने का होईना ग्रॅम्बलिंगलाच यायचा, तो आता बॅटन रूजला जाऊ लागला. त्याने जावंच, त्याला नावं ठेवायचा हक्क कुणाला नाही. पण दार एकाच बाजूने उघडलं. पोरं तिकडे गेली. तिकडचा पैसा, तिकडची पोरं इकडे आली नाहीत.

त्याचा शेवट कुठवर आला ते २०१३ ला जगाने पाहिलं. राज्य सरकारने काही वर्षांत ग्रॅम्बलिंगचं अनुदान निम्म्याहून जास्त कापलं होतं. सप्टेंबरमध्ये कोच डग विल्यम्सला, हो, त्याच विल्यम्सला, काढून टाकलं. ऑक्टोबरमध्ये खेळाडूंनी पत्र लिहिलं: व्यायामाच्या खोलीत बुरशी, गणवेश नीट धुतले जात नाहीत, कॅन्सस सिटी आणि इंडियानापोलिसपर्यंत बसने प्रवास. मग मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीय विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याला जायची बस आली आणि पोरं चढलीच नाहीत. सामना सोडून द्यावा लागला. हंगामात एकच विजय. तेव्हा अनेकांनी ‘बघा, यांना संस्था चालवता येत नाहीत’ असं म्हणून घेतलं. २०१६ पर्यंत हीच टीम अटलांटात सेलिब्रेशन बोल १०-९ ने जिंकून कृष्णवर्णीय कॉलेजांची विजेती ठरली, ते मात्र फार कुणाच्या कानावर गेलं नाही.

आणि सगळ्यात जास्त मला काय टोचतं सांगू? एलएसयू आणि ग्रॅम्बलिंग एकाच राज्यात, दोघांच्या संघाचं नाव ‘टायगर्स’. रॉबिन्सनच्या भरभराटीच्या काळात, साठच्या दशकात, ब्युकॅननसारखे पहाड त्याच्याकडे होते तेव्हा, हे दोन संघ एकदाही एकमेकांसमोर उभे राहिले नाहीत. राहिले असते तर काय झालं असतं याचा अंदाज एलएसयूवाल्यांनाही असावा. पहिला सामना झाला सप्टेंबर २०२३ मध्ये. निकाल: एलएसयू ७२, ग्रॅम्बलिंग १०. अशा सामन्यांना छोट्या विद्यापीठांना ठरलेली बिदागी मिळते. मार खायचा, चेक घ्यायचा, त्यात वर्षाचा खर्च भागवायचा. माझ्या ऑफिसातल्या एकाने दुसऱ्या दिवशी तो स्कोअर दाखवून मला चिडवलं. मी विचारलं, १९६६ ला का नाही बोलावलंत?

आता तर वाट आणखी निसरडी झाली आहे. खेळाडूंना विद्यापीठ बदलणं सोपं झालंय, स्वतःच्या नावाच्या जाहिरातींचे पैसेही मिळतात. २०२१ च्या डिसेंबरमध्ये देशातला सर्वांत वरच्या क्रमांकाचा शाळकरी खेळाडू ट्रॅव्हिस हंटर तिथला कोच, एकेकाळचा एनएफएल खेळाडू डिऑन सँडर्स, याच्या भरवशावर जॅक्सन स्टेटला गेला, तेव्हा सगळ्यांना वाटलं चक्र उलटं फिरलं. वर्षभरात सँडर्स कोलोरॅडोला निघून गेला आणि हंटरही त्याच्या मागोमाग. २०२४ ची हाइझमन ट्रॉफी, कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, हंटरने तिथे जिंकली. यात दोष देण्यासारखं काही नाही, मी फक्त वारं कुठल्या दिशेला आहे ते सांगतेय.

तर, ‘अजून कशाला’? कारण वेगळेपण लादलं तेव्हा या लोकांनी त्यातून काहीतरी उभं केलं, आणि लादणाऱ्यांनी हात काढून घेतला म्हणून ते मोडीत काढायचं, असा काही नियम नाही. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या शनिवारी न्यू ऑर्लिअन्सला बायू क्लासिक होतो, ग्रॅम्बलिंग विरुद्ध बॅटन रूजचं सदर्न विद्यापीठ, १९७४ पासून. तीन पिढ्या एका रांगेत बसलेल्या असतात. आजीने सदर्नचा निळा रंग घातलेला, नातवाने ग्रॅम्बलिंगचा काळा-सोनेरी, आणि दोघं एकमेकांना यथेच्छ शिव्या घालत चिकन खात असतात. कोण एनएफएलमध्ये जाणार याची तिथे फारशी कुणाला पडलेली नसते. इथला जय-पराजय त्यांच्या घरातला असतो.

तुम्हाला यायचं असेल तर न्यू ऑर्लिअन्सपर्यंत जायची गरज नाही, जत्रेच्या दिवसांत डॅलसला या. तिकिटात जत्रेचा प्रवेश धरलेला आहे का ते आधी बघा, पार्किंगसाठी वेळ हाताशी ठेवा आणि ऊन असतं म्हणून टोपी आणा. नियम समजत नसतील तर मी शेजारी बसून सांगेन. एकच अट: कॉर्न डॉग आणायचा तो सामना चालू असताना आणा, मध्यंतरात जागचं उठायचं नाही. जोन्स यांनी उभा केलेला तो बँड १९६७ च्या पहिल्यावहिल्या सुपर बोलच्या मध्यंतरात वाजला होता, आणि स्टेडियममधली निम्मी माणसं अजूनही त्याच्यासाठीच तिकीट काढतात.